बांधावरची गर्दी

परदेशात खेळ बघायला किती माणसं आली, एवढंच दिवसभर लिहीत बसायचं आणि त्याचा महिन्याला पगार घ्यायचा, अशी नोकरी जगात आहे असं कुणी उरवड्याच्या हैबतरावांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला आधी गार पाणी पाजलं असतं आणि मग उन्हातून आलास का म्हणून विचारलं असतं. पण ही नोकरी करणारी पोरगी त्यांच्याच घरात, माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. मग हसायचं तरी कुणाला?

मेधा तिचं नाव. उदगीरकडची. बी.कॉम. होऊन पिरंगुटजवळच्या एका कंपनीत लागली होती. ही कंपनी परदेशातल्या खेळांची आकडेवारी गोळा करून द्यायची, आणि मेधाच्या वाटणीला रग्बी लीग नावाचा खेळ आला होता. तिकडे ऑस्ट्रेलियात सकाळ उजाडून वर येते तेव्हा आपल्याकडे पहाट, म्हणून कंपनीची गाडी साडेपाचलाच दारात यायची. हैबतरावांची बायको सगुणाबाई तिच्यासाठी चहा टाकायची, आणि हैबतराव ओट्यावर मिसरी लावत बसलेले असायचे. तिथंच एकदा त्यांनी विचारलं होतं, "काय असतोय ग हा तुझा खेळ?"

"एका बाजूला तेरा, दुसऱ्या बाजूला तेरा, नाना. चेंडू लांबट असतो, सोललेल्या नारळासारखा. तो घेऊन पळायचं. बाकीचे अंगावर पडून पाडतात."

"पाडत्यात म्हंजी कुस्तीच की. मग तू त्यातलं काय लिवतीस? कुणी कुणाला पाडलं ते?"

"ते दुसरे लिहितात. मी किती लोक बघायला आले ते लिहिते. गेल्या दिवाळीच्या सुमाराला ऑस्ट्रेलियात विश्वचषक झाला, त्याचं झालं. आता मागचे चाललेत, पार चौपन्न सालापासूनचे."

"चौपन्न साली कोण आलं आन् कोण न्हाई, ते तू आता उरवड्यात बसून सांगणार," हैबतराव म्हणाले आणि चूळ भरायला उठले. दिवसभर ज्याला त्याला त्यांनी ही गंमत सांगितली. हसणाऱ्याचे दात दिसतात म्हणतात. हैबतरावांचे पुढचे दोनच राहिले होते, तेवढे सगळ्या गावाला दिसले.

हे हसू चार महिन्यांनी घशात यायचं होतं. त्यासाठी हैबतराव कोण ते सांगायला हवं.

हैबतराव म्हणजे गावच्या आखाड्याचे पंच. एक-दोन नाही, तेहतीस वर्षं. चैत्रात भैरवनाथाची जत्रा, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या, आणि शेवटच्या कुस्तीला देवळातली मानाची गदा. हात वर करायचा तो हैबतरावांनी. त्यांनी एकदा पाठ लागली, गडी चीत झाला म्हटलं की झाला, नाही म्हटलं की नाही. मुळशी तालुक्यात त्यांच्या निकालावर कुणी आवाज चढवला असं ऐकिवात नव्हतं. ह्याचा त्यांना केवढा अभिमान! शेती गेली, म्हशी गेल्या, दाराशी कारखाने आले, पण पंचाचा शब्द होता तसा राहिला, असं ते येता-जाता ऐकवायचे. माणसाजवळ एक तरी गोष्ट अशी असावी लागते, नाहीतर म्हातारपण जात नाही.

आखाडा भरायचा तो माळ मात्र दोघांच्या नावावर होता. अर्धा हैबतरावांचा, अर्धा त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचा, कुशाबाचा, म्हणजे आता त्याच्या मुलाचा, रोहितचा. रोहित उरवड्यातल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. पोरगा वाईट नव्हता. पण पुण्यातली पार्टी त्याच्याकडे चकरा मारत होती. शनिवार-रविवारचे बंगले बांधायला त्यांना तो माळ हवा होता, अख्खा हवा होता, आणि हैबतरावांच्या सहीशिवाय तो मिळत नव्हता.

"नाना, वर्षातनं एक दिवस," रोहित ओट्यावर बसून म्हणाला. सोबत त्याची आई शारदाही आली होती. ती आत सगुणाबाईजवळ गेली. "एका दिवसासाठी सोन्यासारखी जागा मोकळी ठेवायची. आन् बघायला येतंय कोण आता? पोरं कंपनीत. कुस्त्या टीव्हीवर."

"कोण येतंय? आरं, पाच हजार माणूस असतंय दरसाल."

"पाच हजार तुमी कर्ण्यावरनं सांगता. मोजले कुणी? पंधराशे तरी भरतील का? या साली मोजू. पंधराशे भरले, तर मी हा विषय पुन्यांदा काढणार न्हाई. न्हाई भरले तर तुमी सही करायची."

"पंधराशे? पंधराशे तर माझ्या मिशीला चिकटून येत्यात," हैबतराव म्हणाले. "लागली पैज." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

"मोजायचं कुणी?"

हैबतरावांनी वर माडीकडे बघितलं. "ती हाय की. पोटाचा धंदाच हाय तिचा. ना तुझी ना माझी."

रोहितलाही ते पटलं. संध्याकाळी मेधा आली, तिला सांगितलं. तिनं आढेवेढे घेतले, पण सगळे म्हणतात म्हटल्यावर बरं म्हणाली.

जेवताना सगुणाबाईनं भाकरी वाढता वाढता सहज सांगितलं, "पाच हजार कुटनं आणलं तुमी? विडं तर आमी बाराशेच बांधतूय. त्यातलं बी उरत्यात."

हैबतरावांचा घास हातातच राहिला. आखाड्याची रीतच ती होती. माळाला दोर बांधायचा, दोराच्या तोंडाशी जीपवाला गेणबा टोपली घेऊन उभा राहायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येक गड्याच्या हातात मानाचा एक विडा द्यायचा. विडा घेतल्याशिवाय आत कुणी बसायचं नाही. आणि ते विडे सकाळपासून देवळात बसून बांधायच्या बायका, शंभर-शंभराच्या टोपल्या लावून. म्हणजे आखाड्याला किती माणूस आलं ते गावात कुणाला बिनचूक ठाऊक असेल, तर ते बायकांना. तेहतीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"आदी न्हाई का सांगायचं?"

"तुमी कर्ण्यावर बोलत हुता. कर्ण्याला मधीच कसं आडवायचं?"

त्या दिवसापासून हैबतरावांच्या जिवाला घोर लागला. बाराशे आणि पंधराशे ह्यांत तीनशेचं भगदाड होतं. माळ गेला तर आखाडा गेला, आणि आखाडा गेल्यावर हैबतराव कोण? माडीवरची खोली भाड्यानं देणारा एक म्हातारा. ते त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

वाट त्यांना मेधानंच दाखवली, तीही नकळत. एका रविवारी ती वैतागून खाली आली. म्हणाली, कुठल्याशा जुन्या स्पर्धेतल्या एका सामन्याचे दोन आकडे मिळालेत. एका वर्तमानपत्रात एक, दुसऱ्यात त्याहून हजारानं जास्त. तीन दिवस शोधल्यावर कळलं, की त्या दिवशी शाळेची मुलं फुकट आत सोडली होती. एकानं फक्त तिकिटं मोजली, दुसऱ्यानं मुलंसुद्धा.

"मग तू कुठला लिवला?" हैबतरावांनी विचारलं.

"मोठा. साहेबांशी भांडून लिहिला. तिकीट म्हणजे कागद, नाना. गर्दी म्हणजे जे बघायला आले ते. मुलं बघत नव्हती का?"

हैबतराव जागच्या जागी सरळ झाले. आंब्याच्या झाडावर चढून बघणारी पोरं! गावकुसाच्या पडक्या भिंतीवर बसणारी! जीपवाले ड्रायव्हर, पानाचे ठेलेवाले! त्यांना कुठं विडा मिळायचा? ही सगळी धरली तर पंधराशेला हात पोचत होता. त्यांनी लगेच रोहितला बोलावून घेतलं.

"हे बघ, नियम कागदावर घिऊ. मागनं तुजं-माजं नको. मेधा, लिव. कुस्ती बघायला आलेलं प्रत्येक डोकं मोजायचं. त्यानं विडा घेतलेला असू दे, नसू दे."

रोहितनं मनातल्या मनात झाडावरची पोरं मोजली. पन्नास धरा, साठ धरा. त्यानं खुशाल सही केली. हैबतरावांनी केली. मेधानं तारीख घातली.

"मी कुठं बसून मोजू?" तिनं विचारलं.

"बांधावर बस की. बायका तितंच असत्यात." माळाच्या वरच्या अंगाला भाताची खाचरं होती, एकावर एक तीन. चैत्रात ती कोरडी पडलेली असायची आणि त्यांच्या बांधांवर बायका बसायच्या. दोराच्या आत बाईमाणसानं यायचं नाही ही रीत. "आवाज लई करत्यात, तेवढं संबाळ. बांगड्या भरायला आन् भेळ खायला आलेल्या असत्यात त्या. कुस्तीतलं काय कळतंय त्यास्नी."

सगुणाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मेधानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि कागदाची घडी घालून ठेवली.

जत्रा आली. ह्या वर्षी हैबतरावांच्या हट्टापायी विडे पंधराशे बांधले, पंधरा टोपल्या. दुपारी तीनला हलगी कडाडली. लहान पोरांच्या कुस्त्या सुरू झाल्या. पौडकडून दोन जीप आल्या, मुठ्याहून एक टेम्पो भरून आला, माले गावची माणसं मोटारसायकलवरून आली. हैबतराव फेटा बांधून लाल मातीत उभे होते खरे, पण त्यांचा जीव गेणबाच्या टोपल्यांत अडकला होता. चार वाजता आठ टोपल्या रिकाम्या. पाचला दहा. साडेपाचला अकरावी रिकामी होऊन बाजूला पडली, आणि बारावीला हात लागला तसा लोकांचा ओघ आटला.

शेवटची कुस्ती लागली. उरवड्याचा भिकू आणि मुठ्याचा बहिरू. दोघंही तिशीच्या आतले, दोघंही तयार. उभ्या-उभ्या खडाखडी चांगली दहा मिनिटं चालली. भिकूनं पायाला हात घालून पट काढला, बहिरू निसटला. माणसं उठून उभी राहिली. हैबतराव जोडीभोवती फिरत होते, आणि फिरता फिरता ते दोराच्या बाजूला आले. तिथं गेणबा होता. गेणबापुढं बारावी टोपली होती. अर्धी का जास्त, तेवढं बघायला त्यांनी मान वळवली.

डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. पुन्हा मान फिरवली तेव्हा दोघं मातीत एकमेकांत गुंतलेले होते, भिकू कुशीवर होता, आणि वरच्या बांधांवरून बायकांचा एकच कल्लोळ उठला होता. बहिरूनं सोडून दिलं. उठून उभा राहिला आणि हैबतरावांकडे बघू लागला. भिकूही उठला. त्याच्या पाठीला माती होती, पण मातीत लोळणाऱ्या गड्याच्या पाठीला माती असणारच.

दोराच्या आतली माणसं खालच्या अंगाला, बांधांच्या समोर होती. बहिरूच्या रुंद पाठीमागे त्यांना काही दिसलं नव्हतं. सगळे हैबतरावांच्या हाताकडे बघत होते. पंचानं नजर हलवायची नसते. तेहतीस वर्षं त्यांनी हलवली नव्हती. मी बघितलं नाही, असं म्हणायला जीभ वळेना. त्यांनी दोघांचेही हात धरून वर केले.

"बरोबरीत सुटली."

बहिरूनं वाकून माती कपाळाला लावली, कपडे उचलले आणि टेम्पोकडे गेला. गदा देवळात परत गेली. हैबतराव मात्र घरी येऊन जेवले नाहीत. पोटात काहीतरी आहे म्हणाले. होतंच.

सकाळी देवळापुढं गाव जमलं. पुरुष फरसबंदीवर, बायका कडेला, ओवरीच्या सावलीत. मेधानं वही उघडली. तिला बोलायची सवय नव्हती, पण आकडे वाचायची होती.

"विडे बांधले पंधराशे. उरले तीनशे सदतीस. म्हणजे आत बसलेले अकराशे त्रेसष्ट."

रोहितच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही, पण खांदे सैल झाले.

"झाडावर, भिंतीवर, गाड्यांच्या टपांवर, ठेल्यांवर एकसष्ट. झाले बाराशे चोवीस."

हैबतराव खाली बघत होते. संपलं सगळं. माळ गेला. त्यांनी खिशातलं पेन चाचपलं. दिलेला शब्द तरी ठेवायचा होता.

"आणि बांधांवर तीन रांगांत मिळून तीनशे अठ्ठ्याऐंशी," मेधा म्हणाली. "तीन वेळा मोजल्या. मी स्वतःला धरलं नाही, मी कामावर होते. एकूण सोळाशे बारा."

रोहित उठला.

"ह्या कुटल्या बांधावरच्या? बायका?"

"प्रत्येक डोकं, असं कागदावर आहे," मेधानं कागद पुढं केला. "तुमची सही आहे."

"सही हाय, पर कुस्ती बघायला आलेलं, असं बी हाय की त्यात." रोहित हुशार होता, शिकलेला होता. तो हैबतरावांकडे वळला. "नाना, तुमीच माझ्यासमोर म्हणाला हुता. बांगड्या भरायला आन् भेळ खायला येत्यात, कुस्तीतलं काय कळतंय. म्हणाला का न्हाई?"

म्हणाले होते. आता म्हणायचं कसं, की नाही, कळतंय? पंचानं निकाल फिरवायचा? पण माळही समोर दिसत होता, तांबडा, काल हजार पायांनी तुडवलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"म्हणालो हुतो," ते हळूच म्हणाले.

"मग? त्या बघायला आल्या हुत्या कशावरनं?"

ओवरीच्या सावलीतून सगुणाबाई पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. देवळापुढच्या बैठकीत ती आजवर कधी बोलली नव्हती, आणि आता बोलली तेही घरात बोलते त्याच आवाजात.

"बघितली का न्हाई ते इचारा की. मी सांगते. भिकूनं पयला पट काढला, तो बहिरूनं पाय मागं घिऊन सोडवला. मंग भिकू घुटन्याला गेला. बहिरूनं त्याला तसाच खांद्यावर उचलला आन् कलाजंग मारला. भिकूची पाठ लागली. दोन्ही खवाटे टेकले. ती कुस्ती बरोबरीत न्हवती."

फरसबंदीवर कुजबूज सुटली. भिकू तिथंच होता. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही.

"घरचीच तुमी, काकू," रोहित म्हणाला. "माळ वाचवायला काय बी म्हणाल."

"माळ वाचवायला मी माज्याच धन्याचा निकाल चुकीचा म्हणीन व्हय?" सगुणाबाई म्हणाली.

तेवढ्यात सावलीतून दुसरा आवाज आला. "म्या बी बघितलं. पाठ लागली हुती." ती शारदा होती, रोहितची आई. "तुजा बाप ह्याच मातीत खेळायचा, रोहित. लगीन झाल्यापासनं मी त्या बांधावर बसतीया. भेळ खायाला बसतीया व्हय?"

आता सगळं गाव हैबतरावांकडे बघायला लागलं, कालच्यासारखंच. सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं आणि त्यांच्याही आलं होतं. ह्या बायका कुस्ती बघत नव्हत्या असं म्हटलं, तर निकाल राहतो आणि माळ जातो. बघत होत्या असं म्हटलं, तर माळ राहतो आणि निकाल जातो. दोन्ही हातांत धरता येणार नव्हतं.

हैबतरावांनी बायकोकडे बघितलं. "त्या येळंला मी कुटं हुतो?"

त्यांना वाटलं होतं ती नुसतं, तुमी दुसऱ्या अंगाला हुता, असं म्हणेल. म्हटली असती तर भागलं असतं. पण खरं विचारलं की खरं सांगायची तिची खोड.

"तुमी गेणबाच्या टोपलीकडं बघत हुता."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कुस्ती बघितली होती, आणि कुस्ती बघताना त्यांनाही बघितलं होतं. रात्री न जेवता काढलेली ती भूक, पोटातलं ते काहीतरी, सगळं तिला ठाऊक होतं, आणि ती एक शब्द बोलली नव्हती. हैबतरावांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. एकट्यानं वाहायचं ओझं दुसऱ्याच्याही हाताला लागलं की वाटतं तसं.

ते उठले. फेटा काढून हातात घेतला.

"पाठ लागली," ते म्हणाले. मग ओवरीपर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले. "पाठ लागली हुती. मी बघितली न्हाई. माजी नदर टोपलीवर हुती, म्या तसं सांगायला पायजे हुतं, सांगितलं न्हाई. ज्यांनी बघितली त्या बांधावर हुत्या. गदा बहिरूची."

मग रोहितकडे वळून म्हणाले, "आन् गर्दी सोळाशे बारा. तुला कबूल न्हाई तर सांग, मी सही करतो."

रोहितनं आईकडे बघितलं. मग त्यानं मेधाच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि खिशात टाकला. "कबूल हाय," म्हणाला आणि कारखान्याची पाळी होती, म्हणून निघून गेला.

त्याच सकाळी हैबतरावांनी गेणबाची जीप सांगितली. गदा पोत्यात गुंडाळून मागं ठेवली. सगुणाबाईला म्हणाले, "चल." ती म्हणाली, मी कशाला? ते म्हणाले, बघितलीस तू, मी काय तोंडानं सांगू? उरवड्याहून घाट उतरलं की मुठं. बहिरू गोठ्यात म्हशींना वैरण टाकत होता. गदा बघून त्याचा हात थांबला.

"नाना, काल बरोबरी हुती. आज गदा कशी?"

"काल पंच टोपली बघत हुता," हैबतराव म्हणाले. "कुस्ती हिनं बघितली. माझं चुकलं, पोरा."

बहिरूनं हात धुतले, दोघांच्या पाया पडला. आधी सगुणाबाईच्या. ती म्हणाली, "डाव झ्याक मारलास. पर उचलताना डावा पाय लई पुडं टाकतोस. भिकूनं तेवढं वळखलं तर फुडच्या साली तू खाली आन् तो वर." बहिरू तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग त्यानं खरोखरच डावा पाय कसा टाकतो ते तिथंच, शेणाच्या जमिनीवर, करून बघितलं.

परतताना घाटाचं पहिलं वळण आलं, तसे हैबतराव बायकोकडे सरकले. गेणबा गाडी चालवत होता, त्याला ऐकू जाईल म्हणून त्यांनी आवाज बारीक केला.

"तेहतीस वर्सं. आणिक कुटं चुकलो का ग मी?"

"सांगू?"

"सांग."

"जाऊ द्या."

"सांग म्हणतो ना."

सगुणाबाईनं पदर खोचला, समोरची दांडी धरली आणि त्यांच्या पंचकीच्या दुसऱ्या सालातल्या एका कुस्तीपासून सुरुवात केली. कोण गडी, कुठला, कुठल्या अंगाला पडला, सगळं. घाटाच्या माथ्यावर जीप आली तेव्हा ती चौथ्या कुस्तीपाशी आली होती, आणि हैबतरावांनी तिला एकदाही मध्ये थांबवलं नव्हतं.